परवानगीची घरफोडी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घराचे दार लावू नये, असे आमच्याकडची वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. त्या घटकेला लक्ष्मी घरोघर फिरत असते आणि लावलेले दार दिसले की पुढच्या घरी जाते, ही त्यामागची श्रद्धा. पण हीच माणसे रात्री निजण्यापूर्वी कडी-कोयंडा दोनदा चाचपून पाहतात आणि किल्ल्यांचा जुडगा उशाखाली घेऊन झोपतात. यात मला काही विसंगती दिसत नाही. लक्ष्मीसाठी दार उघडे ठेवायचे आणि चोरासाठी लावून घ्यायचे, हा संसारी माणसाचा रोजचाच उद्योग आहे. अडचण एवढीच, की दार एकच असते.

आता तर ते दार दिसतही नाही. आमच्या वसमतच्या मोंढ्यात हळदीचा सौदा होतो, आडत्याकडून पट्टी हातात पडते आणि पुढे केव्हातरी शेतकऱ्याच्या खिशातला मोबाइल वाजतो. लक्ष्मी आली, ती अशी. ती कोणत्या वाटेने आली, वाटेत किती दारे लागली, त्या दारांना कुलपे होती की नुसत्या कड्या, हे त्याला ठाऊक नसते. तीच लक्ष्मी उलट पावली निघून गेली, तर तेही त्याला मोबाइल वाजल्यावरच कळते. ज्या संस्थेवर विसंबून तो रात्री झोपतो, त्या संस्थेने आपल्या कुलपाची परीक्षा कधी केली आहे काय, असे विचारण्याची त्याला सोय नाही. आणि विचारलेच, तरी त्याला उत्तर द्यायचे कोणी?

कुलूप विकणारा तर ते उत्तमच आहे असे सांगणार. विकत घेणाऱ्याने पैसे मोजलेले असतात, म्हणून त्यालाही ते उत्तमच वाटते. कुलपाची खरी किंमत ठाऊक असलेला तिसरा माणूस एकच, आणि तो म्हणजे चोर. त्याला विचारावे तर तो सांगत नाही, आणि सांगू लागला तर त्याला घरात बसवून चहा कोण पाजणार? लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावरच्या ब्रामा यांच्या दुकानात १७९० सालापासून एक कुलूप मांडून ठेवलेले होते. हे जो उघडील त्याला दोनशे गिनी बक्षीस, अशी पाटी त्याच्यासोबत होती. साठ वर्षे ते कोणाला उघडले नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा अमेरिकन कारागीर तेथे आला. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून त्याने ते उघडले. त्याआधी चब कंपनीचे नावाजलेले कुलूप तर त्याने अर्ध्या तासाच्या आतच मोकळे केले होते. बक्षीस त्याला मिळाले. पण या माणसाने लोकांची सुखाची झोप उडवली, असा बोभाटाही पुष्कळ झाला. लोकांची झोप कुलपाने उडवली की हॉब्जने, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. माझ्या मते जे कुलूप उघडते ते हॉब्ज येण्यापूर्वीही उघडतच होते. फक्त ते उघडणारा गाजावाजा करीत नव्हता.

आपल्याकडे याहून जुनी आणि मला अधिक आवडणारी कथा रायगडची आहे. गड बांधून झाल्यावर शिवाजी महाराजांनी दवंडी पिटवली, की दरवाजाने न येता, दोर किंवा शिडी न लावता जो कोणी गडावर चढून येईल त्याला सोन्याचे कडे आणि होनांची थैली मिळेल. जुन्या कुलाबा गॅझेटियरातही ही दंतकथा नोंदलेली आहे. महाराजांची परवानगी घेऊन एक महार पुढे आला, निशाण घेऊन कडा चढला, वर निशाण रोवले आणि आला तसा उतरला. महाराजांनी त्याला बक्षीस दिले, ती वाट बंद केली, आणि त्या ठिकाणी चोरदरवाजा बांधून काढला. दंतकथा म्हणून तिचा पुरावा मागू नये. पण तिच्यामागचा स्वभाव मात्र खरा वाटतो. कोंढाणा १६७० साली दरवाजातून पडला नाही, तो कड्यावरून पडला. ज्याच्या माणसांनी दुसऱ्यांचे गड कड्यावरून घेतले, त्याला आपल्या कड्यांचा भरवसा कसा वाटावा? इतर राजे दरवाजाच्या लोखंडी खिळ्यांवर हात फिरवून समाधान मानीत असतील. हा राजा कड्याकडे पाहत होता.

हे सारे माझ्या डोक्यात आणून सोडले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो पुण्यात असतो आणि नेमके हेच काम करतो. बँका, कारखाने, दवाखाने, सहकारी संस्था त्याच्या कंपनीला पैसे देऊन सांगतात, की या, आमच्या संगणकांत शिरून दाखवा. या कामाला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. त्याची आई गावात नुसतेच ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ असे सांगते, कारण एकदा खरे सांगण्याचा प्रयत्न अंगाशी आला होता. मुलगी पाहायला गेले असता तिच्या मामांनी विचारले, “म्हणजे नेमकं काय करता आपण?” हा सरळ स्वभावाचा मुलगा म्हणाला, “बँका फोडतो.” मग मामांच्या हातातला कप हिंदकळलेला पाहून त्याने घाईने जोडले, “बँकेच्याच परवानगीने.” लग्न जमले, हे सांगितले पाहिजे. आतल्या खोलीत मुलगी हसली म्हणे, आणि त्यावरच सारे ठरले.

त्याच्या कामाची पद्धत त्याने मला समजावून दिली, ती थोडक्यात अशी. आधी लेखी करार होतो. कोणत्या यंत्रांना हात लावायचा, कोणत्यांना नाही, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मध्यरात्री काही बिघडले तर फोन कोणाला करायचा, हे सर्व त्यात असते. मग तो नुसता बाहेरून पाहणी करतो. संस्थेच्या वेबसाइटवर कोणाची नावे आहेत, जुन्या निविदांत कोणत्या सालचे सॉफ्टवेअर घेतल्याचे लिहिले आहे, कोण नोकरी सोडून गेला. दिवाळीत संस्थेत लक्ष्मीपूजन होते आणि सगळे कर्मचारी संगणकाला हार घालून त्याच्यापुढे फोटो काढतात. तो फोटो कौतुकाने सर्वत्र पाठवला जातो, आणि मागच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा पासवर्ड स्वच्छ वाचता येतो. हे त्याने मला हसत हसत सांगितले. मला मात्र हसू आले नाही, कारण आमच्या शाळेतल्या टेबलाच्या काचेखाली काय काय ठेवलेले असते ते मला ठाऊक आहे.

पुढची पायरी दारे ठोठावण्याची. जाळ्यावरच्या एका यंत्राच्या पत्त्याला ६५,५३५ पर्यंत क्रमांकांची दारे असू शकतात. त्यांतली कोणती उघडी आहेत हे पाहायचे, उघड्या दारामागे कोणते सॉफ्टवेअर बसले आहे ते ओळखायचे, आणि त्या सॉफ्टवेअरचे एखादे जुने, सर्वांना ठाऊक झालेले भोक अजून बुजवायचे राहिले आहे काय, ते तपासायचे. असे राहिलेले भोक ही काही काल्पनिक भीती नव्हे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा जो विषाणू जगभर पसरला, त्याच्या वाटेवरचे भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या आधी दोन महिने देऊन ठेवली होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांची यंत्रे अडली. एवढा गाजावाजा होऊनही पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. त्याच्या वाटांपैकी एक वाट तीच होती. त्या वेळी न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातला मर्स्क समूहाकडचा एक धक्का ठप्प झाला होता. भोक दाखवून देणे आणि भोक बुजणे या दोन घटनांत किती अंतर असते, ते यावरून कळावे.

आत शिरल्यावर पाहायचे ते हे, की एका कारकुनाच्या संगणकापासून तिजोरीपर्यंत किती पावलांत पोचता येते. मग सारे लिहून द्यायचे, आपण टाकलेली पावले पुसायची, आणि संस्थेने दुरुस्ती केल्यावर पुन्हा एकदा येऊन त्याच वाटेने शिरून पाहायचे. या शेवटच्या फेरीला बहुतेक संस्था कंटाळा करतात, असे तो म्हणाला. अहवाल आला, प्रमाणपत्र आले, ते चौकटीत घालून भिंतीवर लावले, की संस्था सुरक्षित झाली. पी हळद नि हो गोरी. हळदीच्या गावचे असूनही आम्हांला या म्हणीचा पुरेसा उपयोग झालेला नाही.

हा उद्योग फुकाचा नाही, हे पटायला पुण्याच्या कॉसमॉस बँकेची हकीकत पुरे. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी बँक. आपण यंत्रात कार्ड घालतो तेव्हा ‘या माणसाच्या खात्यात पैसे आहेत काय, देऊ काय?’ असा निरोप बँकेकडे जातो, आणि तेथून ‘दे’ किंवा ‘नको’ असे उत्तर येते. चोरट्यांनी हा निरोप बँकेच्या खऱ्या पुस्तकांपर्यंत पोचूच दिला नाही. मध्येच त्यांनी आपला एक खोटा निरोप्या उभा केला, आणि तो विचारील त्याला ‘दे’ म्हणू लागला. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या एका दिवशी अठ्ठावीस देशांतल्या यंत्रांतून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले आणि भारतात आणखी अडीच कोटी; आपल्या कोल्हापुरातल्या यंत्रांपुढेही त्या दिवशी अशी कार्डे घेऊन माणसे उभी होती. सोमवारी १३ तारखेला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यावर पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवले. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही असे बँकेने सांगितले, आणि ते समाधानाचेच होते. परंतु गडाचा दरवाजा शाबूत आणि गड मात्र पडला, असे हे दृश्य होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे किमान नियम घालून दिले आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी त्यांच्या चार पायऱ्या लावल्या. ज्या बँकेचा संगणकी पसारा मोठा, तिच्यावर ओझे जास्त.

तेव्हा, चाचणी घ्यावी की नाही हा माझ्या दृष्टीने प्रश्नच नाही. घ्यावी. माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न वेगळा होता. तो म्हणाला, “सर, खरं सांगू का, मी दिवसभर खोटं बोलूनच पगार घेतो. यंत्राशी खोटं बोलतो तोवर काही वाटत नाही. पण माणसाशी बोलावं लागतं.”

घडले होते ते असे. दिवाळीच्या तोंडावर एका सहकारी संस्थेचे काम त्याच्याकडे आले. तिचे नाव त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. यंत्रांबरोबर माणसांचीही परीक्षा घ्यायची होती. त्याने सर्व कर्मचाऱ्यांना एक खोटी ईमेल पाठवली: दिवाळीचा बोनस मंजूर झाला आहे, यादीत आपले नाव आहे की नाही ते पाहण्यासाठी येथे आपला पासवर्ड घालावा. बऱ्याच जणांनी घातला. त्यांत निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या एक रोखपाल बाई होत्या. उभ्या नोकरीत त्यांच्या रोकडीत रुपयाचा फरक पडलेला नव्हता. सभेत व्यवस्थापकांनी नावे वाचून दाखवली. लोक हसले. बाई उभ्या राहिल्या, बसल्या, काही बोलल्या नाहीत. पुन्हा तपासणीला हा गेला तेव्हा त्याला कळले, की त्या दिवसापासून बाई कोणतीच ईमेल उघडत नाहीत. खरी आली तरी शेजारच्या मुलाला बोलावतात आणि त्याच्याकडून उघडून घेतात.

“तिची चूक होतीच ना पण?” असे मी त्याला विचारले. मास्तरकीची सवय. तो म्हणाला, “होती. पण ती चूक करायला तिला मी लावलं.”

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये, साथीच्या त्या वाईट वर्षाच्या अखेरीस, अमेरिकेतल्या गोडॅडी कंपनीने आपल्याच नोकरांना अशीच चाचणीची ईमेल पाठवली होती: सणानिमित्त ६५० डॉलर बोनस. सुमारे पाचशे जण फसले, आणि दोन दिवसांनी त्यांना बोनसऐवजी कळले, की तुम्ही नापास झाला आहात. लोकांचा संताप पाहून कंपनीने माफी मागितली. आमच्याकडे ज्या घरात बोनसच्या भरवशावर पोरांचे कपडे शिवायला टाकलेले असतात, त्या घरातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. कुरुंदा आमच्याच तालुक्यात. नरहर कुरुंदकरांच्या मुलखात राहून एकच बाजू मांडून उठणे शोभत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या साहेबांचे म्हणणे असे, की चोर काही सभ्य आमिष दाखवीत नाही. तो बोनसच दाखवील, आजारी मुलाचा निरोप देईल, पोलिसांची भीती घालील. ज्या आमिषाला माणूस भुलतो त्याच आमिषाने परीक्षा घेतली नाही, तर ती परीक्षा कसली? सोपे गणित घालून सगळे पास केल्याने वर्ग हुशार होत नाही. युक्तिवाद भक्कम आहे. मला तो बरेच दिवस खोडता आला नाही.

तो खोडण्याची वाट मला पुन्हा त्या रायगडाच्या गोष्टीत सापडली. चढणाऱ्याने परवानगी घेतली ती महाराजांची, आणि कडाही महाराजांचाच होता. ज्याचे नुकसान व्हायचे त्याचाच होकार होता. येथे परवानगी दिली ती संचालक मंडळाने. संगणक मंडळाचे, सर्व्हर मंडळाचा, तिजोरीही मंडळाची. त्यांच्यावर चढण्याची परवानगी मंडळाने खुशाल द्यावी. पण त्या बाईंचा विश्वास मंडळाच्या मालकीचा होता काय? बोनसची बातमी वाचून त्यांना जो क्षणभर आनंद झाला, तो संस्थेच्या जिंदगीत कोणत्या खाती जमा होता? परवानगी देणारा एक आणि फोडले जाणारे घर दुसऱ्याचे, असा हा व्यवहार झाला.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हा पेच अगदी शब्दशः उभा राहिला होता. ११ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर दोन परीक्षक डॅलस परगण्याच्या न्यायालयाच्या इमारतीत शिरले. त्यांना तसे करायला राज्याच्या न्यायखात्याने नेमलेले होते आणि तसा कागद त्यांच्या खिशात होता. पोलीस आले, तेव्हा त्यांनी कागद दाखवला. पण इमारत परगण्याची होती, आणि तिथल्या शेरीफला कोणी विचारलेले नव्हते. दोघांना अटक झाली. खटला मागे घेतला गेला तो पुढच्या जानेवारीत. कागद खरा, माणसे खरी, हेतू चांगला. फक्त ज्याने ‘हो’ म्हटले तो त्या दाराचा मालक होता की नाही, एवढेच कोणी पाहिले नव्हते.

आपला कायदाही परवानगीभोवतीच फिरतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ४३ व्या कलमाप्रमाणे मालकाच्या किंवा यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे हेच मुळी भरपाईला पात्र आहे. आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केले तर ६६ व्या कलमाने तीन वर्षांपर्यंत तुरुंग, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे हिरकणीचे काय, असा प्रश्न मला पडला. तिची कथाही रायगडचीच. गडाचे दरवाजे सांजेला बंद झाले, तान्हे मूल खाली घरी, आणि ती कडा उतरून गेली. परवानगी कोणाची नाही, पण मनात पापही नाही. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिची वाट पाहून घेतली आणि तेथे बुरूज बांधला. आज एखाद्या पोराला आपला निकाल पाहताना पत्त्यातला एक आकडा बदलल्यावर दुसऱ्याचीच कागदपत्रे दिसतात आणि तो भाबडेपणाने संस्थेला कळवायला जातो. तेव्हा त्याला पुष्कळदा बुरूज नव्हे, तर पोलिसांची धमकी मिळते. अशी भोके कळवण्यासाठी केंद्र सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून आहे, हे पोरांना आणि संस्थांना दोघांनाही ठाऊक असायला हवे. पोरांना माझे सांगणे एवढेच, की दिसले तेवढे कळवा, आणखी आत जाऊन पाहू नका. हिरकणी घरी जायला निघाली होती, गड धुंडाळायला नव्हे.

साहेबांच्या युक्तिवादाकडे परत येतो. परीक्षा कठीण असावी, हे मला मान्य आहे. पण कठीण परीक्षेचेही वेळापत्रक लावतात. आमच्या मोंढ्यात खरेदीदार हळदीच्या ढिगातून एक हळकुंड उचलतो आणि कट्‌कन मोडून आतला रंग पाहतो. मोडल्याशिवाय आतले कळत नाही, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असते. तो समोर उभा असतो, आणि मोडलेले हळकुंड पुन्हा ढिगात पडते. कोणी ते हातात उंच धरून ‘पाहा, हे मोडले!’ असे ओरडत नाही. माणसांची परीक्षाही अशी घेता येईल. वर्षाच्या आरंभीच सर्वांना सांगावे, की तुम्हांला फसवण्याचे प्रयत्न अधूनमधून आमच्याकडूनही होतील. कधी, ते सांगणार नाही. इतके सांगितले की त्या परीक्षेत कर्मचाऱ्याचाही काही एक होकार येतो. आमिष म्हणून त्याच्या पोटाला हात घालू नये. बिलाचा, पार्सलचा, बदललेल्या पासवर्डचा खोटा निरोप पुरतो. देवीच्या लशीत देवीचा रोग नव्हता, त्याचा एक सौम्य भाऊबंद होता, आणि तेवढ्यानेच शरीर सावध झाले. खरी देवी टोचून मुलांची तयारी करून घेण्याची जुनी रीत या लशीने मागे टाकली.

आणि नावे वाचू नयेत. हे मी दयेपोटी म्हणत नाही. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे संस्थेला असा घाला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवावे लागते. हे सहा तास कोणाच्या तोंडातून सुरू होणार? ज्याच्या हातून कळ दाबली गेली, त्याच्याच. ज्या संस्थेत चुकलेल्याला उभे करून हसतात, तेथे खरा घाला पडेल तेव्हा तो माणूस पडदा बंद करील, घरी जाईल, रात्रभर तळमळेल आणि कोणाला काही सांगणार नाही. चोराला लागतो तो असा एखादा दिवस. व्यवस्थापकांना वाटले, की आपण बाईंना धडा शिकवला. त्यांनी साऱ्या कचेरीला गप्प राहायला शिकवले.

मला आणखी एक गोष्ट खटकते. एका रोखपालाने एकदा पासवर्ड दिला म्हणून जर सारी संस्था उघडी पडत असेल, तर ते भोक बाईंच्या स्वभावातले नव्हे, तटातले आहे. मोठी रक्कम दोन माणसांच्या होकाराशिवाय बाहेर जाऊ नये. खाते बदलल्याचा निरोप आला तर निरोपातल्या नव्हे, आपल्या वहीतल्या नंबरावर फोन करून विचारावे. पासवर्डच्या जोडीला दुसरी एखादी खूण मागावी. निवृत्त झालेल्याचा प्रवेश त्याच्या निरोपसमारंभाच्या दिवशीच बंद व्हावा. हार घालतो तेव्हाच किल्ली परत घ्यावी. हिशेबाची दुसरी प्रत जाळ्यापासून तोडून ठेवावी, आणि वर्षातून एकदा तिच्यावरून सारे पुन्हा उभे करून पाहावे, कारण न वापरलेली प्रत ही न उघडलेल्या कुलपासारखीच असते. जुन्या पेढ्यांवर रात्री रोजमेळ जुळल्याशिवाय मुनीम उठत नसे. यंत्रे आली म्हणून त्या रीतीत काही वाईट झालेले नाही.

माझ्या विद्यार्थ्याने नोकरी सोडली नाही. सोडावी असेही मला वाटत नाही. प्रामाणिक घरफोडे या देशाला थोडे जास्तच हवे आहेत. त्याने आपल्या करारात दोन कलमे मात्र वाढवून घेतली: कर्मचाऱ्यांना चाचणीची पूर्वकल्पना दिलेली असली पाहिजे, आणि फसलेल्यांची नावे अहवालात येणार नाहीत, फक्त संख्या येईल. साहेब प्रथम कुरकुरले. एका संस्थेने तर ‘नावे नाहीत तर मग आम्ही पैसे कशाचे देतो?’ असे विचारून काम दुसरीकडे नेले. गेल्या महिन्यात परभणीकडच्या एका संस्थेने दोन्ही कलमांवर सही केली आहे. चाचणी दिवाळीनंतर आहे. कोणत्या दिवशी, ते त्याने मलाही सांगितलेले नाही.